दादीची खोली आणि २५३ वॅट

आमच्या घरात तीन आठवडे एका आकड्यावरून वाद चालला. आकडा होता २५३. धाकट्याला कॉम्प्युटरसाठी जो प्रोसेसर हवा होता, तो पुरा जोर लावतो तेव्हा इतके वॅट वीज घेतो आणि हे बनवणाऱ्या कंपनीनेच छापलेलं आहे. थोरला पुण्यात नोकरीला. तो रोज रात्री फोनवरून विरोध करायचा. मुलांचे अब्बा जेवता जेवता ऐकायचे. आमचं घरचं बोलणं दख्खनीत, भांडण मराठीत आणि आकडे इंग्रजीत, त्यामुळे शेजाऱ्यांनाही थोडंथोडं समजत असावं. ज्यांच्या खोलीत हे यंत्र बसणार होतं त्या माझ्या सासूबाई, म्हणजे मुलांची दादी, वय ७९. त्यांना मात्र कोणी काही विचारलं नव्हतं.

या वादात बोलायचा मला हक्क आहे असं मी मानते. बावीस वर्षं मी घरच्या ओसरीत डीटीपी करते. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, दुकानांची बिलबुकं. मराठी श्री-लिपीत, उर्दू इनपेजमध्ये. माझं काम हलकं, अक्षरं जुळवण्याचं. त्याला प्रोसेसरला घाम फुटत नाही. धाकट्याचं काम वेगळं. तो आर्किटेक्ट लोकांसाठी न बांधलेल्या घरांची चित्रं करतो. भिंतीवर ऊन कसं पडेल, फरशीत खिडकी कशी दिसेल, हे सगळं कॉम्प्युटर प्रकाशाचा एकेक किरण मोजून काढतो. एका चित्राला तास लागतात, म्हणून ही कामं रात्री लावून ठेवायची असतात. त्याच्या या सॉफ्टवेअरचं नाव कोरोना. पहिल्यांदा त्याने "रात्रभर कोरोना चालू ठेवतो" असं म्हटलं तेव्हा दादींनी पदर तोंडाला लावला होता. हे कोरोना ग्राफिक्स कार्डावर चालत नाही, सगळा भार प्रोसेसरवरच टाकतं. म्हणून प्रोसेसरचा प्रश्न आमच्याकडे पोटापाण्याचा.

भिशीचे नव्वद हजार हाती आले होते. धाकट्याची मागणी अशी: इंटेलचा चौदाव्या पिढीचा आय-नाइन, २४ कोअरचा, आणि त्याच्यावर तीन पंख्यांचा पाण्याचा कूलर. थोरल्याचं म्हणणं: एएमडीचा सहा कोअरचा रायझन, ६५ वॅटचा, बस झालं. वीज कमी, उष्णता कमी, पैसेही कमी.

आता वॅट म्हणजे काय हे आमच्या घरात सगळ्यांत चांगलं कोणाला कळतं, तर अब्बांना. ते टॉवेलच्या लूमवर आयुष्यभर जॉबर होते. मोटार, फेज, युनिट हे त्यांच्या बोटांवर. त्यांचा पहिला प्रश्न होता, "२५३ वॅट घेऊन तो करतो काय? फिरतं काय त्याचं?" काहीच फिरत नाही. लूमची मोटार वीज खाते आणि त्यातून धोटा पळतो, कापड निघतं. प्रोसेसरमध्ये अब्जावधी बारीक स्विच उघडतात आणि मिटतात. प्रत्येक वेळी कणभर वीज भरली जाते आणि सोडली जाते. हिशेब बाहेर पडतो, पण हिशेबाला वजन नसतं. आत गेलेली सगळी वीज उष्णता होऊनच बाहेर येते. २५३ वॅटचा प्रोसेसर म्हणजे २५३ वॅटची शेगडीच. आणि ही शेगडी पेटते ती टपालाच्या तिकिटापेक्षाही लहान तुकड्यावर.

मग त्या खोक्यावरचा आकडा. दुकानदार सांगतो १२५ वॅट. ते खोटं नाही, पण तो पायाचा आकडा आहे. जोर लावल्यावरचा आकडा २५३ हा दुसऱ्या ओळीत असतो. थोरला यावर फार खूश झाला. मी त्याला म्हटलं, तुझ्या एएमडीचंही तसंच आहे. ६५ वॅट लिहिलेला रायझन ८८ वॅटपर्यंत जातो, १७० लिहिलेला २३० पर्यंत. तो छापलेला आकडा मुळात कूलर बनवणाऱ्यांसाठी असतो, आपल्या मीटरसाठी नाही. दोन्हीकडचे आकडे वाचायची सवय लागली की कंपनीवरची भक्ती जरा कमी होते. आणि ती कमी झालेली बरी. पोरं क्रिकेटच्या संघासारखी बाजू घेतात आणि मग समोरच्याचं खरंही ऐकत नाहीत.

जुना इतिहास मला माझ्या धंद्यामुळे पाठ आहे, तो मी दोघांना ऐकवला. २००१ मध्ये टॉम्स हार्डवेअरवाल्यांनी चालू प्रोसेसरवरून हीटसिंक काढून काय होतं ते चित्रफितीत दाखवलं होतं. एएमडीचा अॅथलॉन धूर सोडून मेला, इंटेलचा पेंटियम ४ नुसता हळू झाला. तेव्हा इंटेलवाले मिशीला पीळ देत होते. तीन वर्षांत पारडं उलटलं. फेब्रुवारी २००४ मध्ये प्रेस्कॉट नावाचा नवा पेंटियम ४ आला, त्याचा सर्वांत वेगवान भाऊ ११५ वॅटपर्यंत पोचला. इंटेलला ४ गिगाहर्ट्झ गाठायचे होते. उष्णतेने ते गाठू दिले नाहीत. ऑक्टोबर २००४ मध्ये तो प्रोसेसर रद्द झाला आणि कंपनीचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी एका मोठ्या परिषदेत सर्वांसमोर गुडघे टेकून गमतीने माफी मागितली. २००६ मध्ये त्याच कंपनीने कोअर टू ड्युओ आणला: गिगाहर्ट्झ कमी, वीज बहुतेकांची ६५ वॅट आणि काम जास्त. मग २०१३ मध्ये एएमडीने २२० वॅटचा एफएक्स काढून तीच वाट धरली. म्हणजे गरम डोकं कोणा एकाच्या खानदानात नाही. जो मागे पडतो तो वेग दाखवण्यासाठी व्होल्टेज चढवतो, एवढंच.

व्होल्टेजची गंमत मात्र समजून घेण्यासारखी आहे, कारण सगळा वाद शेवटी तिथेच सुटतो. प्रोसेसरची स्विच उघडमिट करण्याची वीज दोन गोष्टींवर अवलंबून असते, वेग आणि व्होल्टेज. वेग दुप्पट केला तर वीज दुप्पट. पण व्होल्टेज वाढवलं तर वीज त्याच्या वर्गाने वाढते. आणि वेग चढवायचा तर व्होल्टेजही चढवावंच लागतं, नाहीतर स्विच वेळेवर मिटत नाहीत. उलट बाजूने बघा. वेग १० टक्के उतरवला आणि व्होल्टेजही १० टक्के उतरवलं, तर ०.९ गुणिले ०.९ गुणिले ०.९, म्हणजे ०.७३. दहा टक्के वेग सोडला आणि २७ टक्के वीज वाचली. अब्बांना हे पटायला वेळ लागला नाही. ते म्हणाले, "लूमचे पिक्स जास्तीत जास्त चढवले की शेवटच्या दहा पिक्ससाठी धागे तुटतात, पट्टा घासतो आणि मोटार तापते. मालकाला मात्र तेच दहा पिक्स दिसतात."

धाकट्याचा पहिला बचाव कूलरचा होता. तीन पंख्यांचा पाण्याचा कूलर लावला की उष्णतेचा प्रश्नच मिटला, असं त्याचं म्हणणं. इथे मला हसू आलं. साध्या कूलरच्या तांब्याच्या नळ्या आत पोकळ असतात. हवा काढून टाकलेली आणि थोडंसं पाणी. प्रोसेसरकडच्या टोकाला पाण्याची वाफ होते, पंख्याकडच्या टोकाला जाऊन तिचं पुन्हा पाणी होतं आणि आतल्या जाळीतून ते परत येतं. देगेला दम दिल्यावर झाकणाला लागलेली वाफ थेंब होऊन परत बिर्याणीवर पडते, तसंच. पाण्याच्या कूलरमध्ये पंप ते पाणी फिरवून जाळीपर्यंत नेतो. दोन्हींचं काम एकच, उष्णता इथून उचलून तिथे टाकणं. इथे म्हणजे प्रोसेसर. तिथे म्हणजे कुठे? दादीची खोली! कूलर कितीही महाग घ्या, २५३ वॅट आत गेले तर २५३ वॅट खोलीत येणारच. उलट चांगला कूलर मिळाला की असा प्रोसेसर आणखी वेळ जोरात पळतो.

दहा बाय बाराची ती खोली. वर पत्रा. सोलापूरचा मे महिना वाचकांपैकी ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको, ४२ च्या वर पारा जाणं आम्हाला नवं नाही. पत्रा संध्याकाळी सातलाही हात लावू देत नाही. माणूस नुसता बसला तरी त्याच्या अंगातून साधारण १०० वॅट उष्णता बाहेर पडते. म्हणजे हे यंत्र स्क्रीन आणि बाकीच्या भागांसकट दादीच्या खाटेशेजारी तीन-चार पाहुणे रात्रभर बसवून ठेवण्यासारखं. खिडकी उघडून ती उष्णता घालवावी, तर पलीकडच्या गल्लीत लूम. सुताची धूळ उडत येते आणि हीटसिंकच्या पात्यांत नमद्यासारखी बसते. माझ्या ओसरीतल्या यंत्रातून दर दोन महिन्यांनी मूठभर निघते. गादीत भरता येईल असं मी म्हणते, ते पूर्ण थट्टेने नाही.

शिवाय एक गोष्ट, जी या चर्चा करणारे लोक फार कमी बोलतात. प्रोसेसरच्या चाचण्या थंड खोलीत होतात, २० ते २५ अंशांत. कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त खोली आणि प्रोसेसर यांच्यातलं अंतर ठरवतो. समजा २३ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ८८ अंशांवर राहिला, तर अंतर ६५. आमची खोली ४०. त्यात ६५ मिळवा, १०५. त्या आय-नाइनची हद्द १०० अंश. तिथे पोचला की तो स्वतःला वाचवण्यासाठी आपणच वेग कमी करतो. २००१ च्या अॅथलॉनसारखा जळणार नाही, पण ज्या वेगासाठी भिशी दिली तो वेग फेब्रुवारीत मिळेल आणि मेमध्ये नाही.

थोरल्याने मग आपलं शेवटचं अस्त्र काढलं. त्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या प्रोसेसरांपैकी काही जण जास्त व्होल्टेज मागून मागून आतून खराब होत होते. २०२४ मध्ये हे उघड झालं, ऑगस्टमध्ये इंटेलने दुरुस्तीचं मायक्रोकोड दिलं आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. जे आधीच बिघडले ते मात्र त्या दुरुस्तीने नीट होत नाहीत. हे खरं आहे. पण दुरुस्ती आल्यानंतर नवा घेणाऱ्याला याच एका कारणाने नको म्हणणं मला पुरेसं वाटलं नाही, आणि मी तसं म्हटलंही.

कारण धाकट्याचा दुसरा मुद्दा खरोखर बिनतोड होता. तो म्हणाला, "अम्मी, भाईजान नुसते वॅट मोजतात. मीटर वॅट मोजत नाही, युनिट मोजतो. माझा प्रोसेसर लवकर काम संपवून गप्प बसेल. त्यांचा रात्रभर रखडत बसेल. मग जास्त वीज कोणी खाल्ली?" अब्बांनी घास हातात धरूनच मान डोलावली. वॅट गुणिले तास, हजार वॅट एक तास म्हणजे एक युनिट. पोरगं बरोबर बोलत होतं.

त्या रात्री ताटं आवरल्यावर मी एका लग्नपत्रिकेच्या प्रूफच्या पाठीमागे हिशेब मांडला. आकडे ढोबळ, पण या प्रोसेसरांच्या ताकदीचं प्रमाण साधारण धरूनच घेतले. एक चित्र आय-नाइन पुऱ्या जोराने ४ तासांत काढतो असं समजा: २५३ गुणिले ४, सुमारे एक युनिट. थोरल्याचा सहा कोअरचा ८८ वॅटवर तेच चित्र १० तासांत काढेल: ०.८८ युनिट. म्हणजे जवळपास तेवढंच! तीन वॅटमध्ये एक वॅट घेणारा "गरीब" प्रोसेसर बिलाच्या बाबतीत फारसा गरीब नाही. थोरला फोनवर गप्प झाला, हे त्याच्या बाबतीत क्वचितच होतं.

मग मी तिसरी ओळ लिहिली. तोच आय-नाइन, पण बायोसमध्ये त्याला १२५ वॅटची लगाम घातलेली. वेळ ५ तास, युनिट ०.६३. एक तास जास्त आणि वीज तिसऱ्या हिश्शाहून अधिक कमी. शेवटचा वेग किती महाग पडतो ते तिथे दिसलं. आणि चौथी ओळ. एएमडीकडे रायझन ९ ७९०० नावाचा प्रोसेसर आहे, जानेवारी २०२३ पासूनचा. त्याचे कोअर १२, पण खोक्यावर ६५ वॅट, जोर लावून ८८. त्याला ६ तास धरले तर ०.५३ युनिट. आय-नाइनच्या निम्मं.

कोडं असं आहे. थोड्या कोअरांना दामटून पळवण्यापेक्षा पुष्कळ कोअरांना सावकाश चालवलं तर कमी विजेत जास्त काम होतं. लग्नाच्या घरात दोन बायकांना धावपळ करायला लावण्यापेक्षा सहाजणी बसून शांतपणे लसूण सोलतात, तसं. ही गोष्ट दोन्ही मुलांच्या बाजूंमध्ये बसत नव्हती, म्हणून दोघांनाही ती दिसली नव्हती. थोरला वॅटचा आकडा बघत होता, धाकटा वेगाचा.

बिलाला युनिट लागतात, पण दादीला वॅट लागतात. हा फरकही मी तिथेच लिहून ठेवला. महिन्याचं बिल एकूण विजेवर ठरतं. खोली किती तापेल हे कोणत्याही एका वेळी किती वॅट ओतले जातात त्यावर ठरतं. चार तास २५३ वॅट आणि सहा तास ८८ वॅट यांत खोलीला दुसरं कितीतरी सुसह्य. आणि बिलाचंही असं की घरचा वापर ३०० युनिटांची रेघ ओलांडतो तेव्हा वरच्या युनिटांचा दर चढतो. उन्हाळ्यात पंखे आणि कूलर मिळून आम्ही त्या रेघेच्या काठावरच असतो. महिन्यात पन्नास चित्रं झाली तर दोन प्रोसेसरांत २४ युनिटांचा फरक, आणि तो सगळा त्या महाग बाजूला पडणार.

एक गोष्ट सांगायला हवी. माझ्यासारखं हलकं काम करणाऱ्याने हा हिशेब तसाच उचलू नये. अक्षरं जुळवताना प्रोसेसर बहुतेक वेळ रिकामाच असतो, आणि रिकामं बसल्यावर इंटेलचे प्रोसेसर या मोठ्या रायझनपेक्षा कमी वीज घेतात. हिशेबवही, टायपिंग, मुलांचा अभ्यास यांसाठी साधा आय-थ्री पुष्कळ आहे. त्यावर पाण्याचा कूलर बसवून देणारे दुकानदार मी पाहिले आहेत. आतल्या रंगीत दिव्यांचे पैसे वेगळे. आणि ज्यांचं काम ग्राफिक्स कार्डावर चालतं, त्यांनी प्रोसेसरवरून भांडण्याआधी कार्डाचा आकडा बघावा. आरटीएक्स ४०९० एकटं ४५० वॅट घेतं. आरटीएक्स ४०६० ला ११५ पुरतात.

१२ कोअरचा घ्यायचं ठरलं. त्याच्यासोबत कूलर खोक्यातच येतो, त्यामुळे पाण्याच्या कूलरचे पैसे वाचले. त्यातून चांगला पॉवर सप्लाय घेतला, ज्यावर लोक सहसा काटकसर करतात आणि मग वीज कमी-जास्त झाली की रडतात. उरलेल्या पैशांत पत्र्यावर पांढरा चुना दोन हात आणि भिंतीत वरच्या बाजूला एक एक्झॉस्ट पंखा. हे दोन्ही अब्बांनी सुचवलं.

यंत्र आलं त्या दिवशी दादींना पहिल्यांदा विचारलं, खोलीत चालेल का. त्या म्हणाल्या, "आधी आवाज ऐकू द्या." धाकट्याने कोरोना लावलं. दादी अर्धा तास खाटेवर पडून ऐकत राहिल्या आणि मग म्हणाल्या की पंख्याचा आवाज चालेल, लूमच्या खडखडाटात जन्म गेला, पण तो निळा दिवा डोळ्यांत येतो, तो बंद करा. दिवा बंद केला. अब्बांनी बाजारातून प्लगमध्ये लावायचा वॅट-मीटर आणला. पूर्ण यंत्र, स्क्रीन सोडून, चित्र काढताना १४० च्या आसपास दाखवतं, आणि ते दिवसातून दोनदा जाऊन बघतात.

आता नवा वाद साफसफाईचा आहे. अब्बांना लूमच्या कॉम्प्रेसरची हवा मारायची आहे. धाकटा म्हणतो, दाब फार असतो, पाती उडतील. मी दोघांना एवढंच सांगितलं आहे की यंत्र बंद करून, प्लग काढून, पंख्याची पाती बोटाने धरून मगच हवा मारा. हवेने पंखा भिरभिर फिरला तर बेअरिंग जातं. आणि हे अंगणात करा, दादीच्या खोलीत नको.